इजाजत (हिंदी चित्रपट, १९८७)

इजाजत हा गुलजारांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला १९८७ चा हिंदी सिनेमा. इजाजत म्हणजे परवानगी, आणि ती नक्की कशाची हे शेवटच्या काही मिनिटांत कळतं. मुख्य भूमिकांत नसीरुद्दीन शाह, रेखा आणि अनुराधा पटेल (ही अशोककुमार यांची नात), कॅमेरा अशोक मेहतांचा, संगीत आर. डी. बर्मन म्हणजे आपला पंचम. हातातून निसटलेल्या प्रेमावर हिंदीत ढीगभर सिनेमे आहेत, त्यातले बरेचसे रडून, दारू पिऊन नाहीतर खोकून खोकून ते दुःख दाखवतात, इथे मात्र सगळी हुरहुर वस्तूंत आणि सवयींत लपलेली आहे.

मूळ कथा बंगाली लेखक सुबोध घोष यांची, नाव ‘जतुगृह’. जतु म्हणजे लाख, म्हणजे महाभारतातलं लाक्षागृहच, बाहेरून देखणं आणि आतून पेट घ्यायला तयार असलेलं घर. त्याच नावाने तपन सिन्हांनी १९६४ मध्ये बंगाली सिनेमा केला होता, उत्तमकुमार आणि अरुंधती देवींना घेऊन. त्यात जोडपं दुरावतं ते मूल होत नाही म्हणून. गुलजारांनी ते कारणच काढून टाकलं आणि दोघांच्या मध्ये माया नावाची दुसरी बाई (अनुराधा पटेल) आणली.

तर सुरुवात अशी, धो धो पाऊस, रात्रीची वेळ, महेंद्र (नसीरुद्दीन शाह) एका आडगावच्या स्टेशनवर उतरून वेटिंग रूममध्ये येतो आणि तिथे त्याची आधीची बायको सुधा (रेखा) बसलेली असते. ती त्याला ओळखते आणि आधी तोंड चुकवते, मग थोड्या वेळाने बोलणं सुरू होतं. अख्खा सिनेमा त्या एका रात्रीत, मधून मधून फ्लॅशबॅक. या वेटिंग रूममधली रेखा नीट बघा, आता चष्मा लागलाय, आवाज खालच्या पट्टीतला, पण महेंद्र अजूनही वस्तू विसरतो, खिसे चाचपत बसतो आणि ते तिला अजून पाठ आहे. नवरा म्हणून हक्क संपला तरी त्याच्या वेंधळेपणाची काळजी काही सुटलेली नाही, ते कुणी बोलून दाखवत नाही, फक्त दिसतं.

पूर्वकथा थोडक्यात. महेंद्र फोटोग्राफर, सुधाशी लग्न ठरून वर्षं झालेली आणि तो टाळतोय कारण माया त्याच्यासोबत राहते. हे तो सुधाला सरळ सांगतो आणि तीही म्हणते की मग तिच्याशीच कर लग्न. पण माया गायब झालेली असते, आजोबा (शम्मी कपूर) मागे लागलेले असतात, लग्न होऊन जातं. संसार चांगला चाललेला असताना माया परत येते, जीव द्यायचा प्रयत्न करते, महेंद्र तिला सांभाळायला धावतो आणि सुधा न सांगता निघून जाते. पुढे मायाही जाते, मोटरसायकलच्या चाकात तिचा स्कार्फ अडकून. खरं सांगायचं तर व्हिलन कुणीच नाहीये, आणि म्हणूनच बघणाऱ्याची पंचाईत होते, राग काढायचा कुणावर?

आता ‘मेरा कुछ सामान’ हे गाणं. घरात राहिलेल्या मायाच्या वस्तू तिला परत पाठवल्या जातात आणि उत्तर म्हणून तिची कविता येते, की अजून बरंच राहिलंय तुझ्याकडे, तेही पाठव. मागते काय तर पावसाचे भिजलेले दिवस, एका छत्रीखालची अर्धी ओली अर्धी कोरडी आठवण, चंद्राच्या ११६ रात्री! ना यमक ना ठरलेलं मीटर. गुलजारांनीच सांगितलेला किस्सा आहे की पंचमने कागद वाचून वैतागून विचारलं, उद्या टाइम्स ऑफ इंडिया आणशील आणि म्हणशील याला चाल लाव. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आशाताई एक ओळ गुणगुणल्या आणि तिथून चाल सुटत गेली. गाण्यासाठी गुलजार आणि आशा भोसले दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आशाताईंचा ‘उमराव जान’नंतरचा हा दुसरा. सिनेमात गाणी चारच, चारही त्यांचीच. ‘कतरा कतरा’मध्ये त्यांचाच आवाज एकावर एक रेकॉर्ड केलाय, हेडफोन लावून ऐकलं की दोन आशाताई वेगवेगळ्या ऐकू येतात.

शेवट सांगतोय, बघितला नसेल तर इथेच थांबा. सकाळी सुधाला न्यायला तिचा दुसरा नवरा येतो, शशी कपूर, जेमतेम काही मिनिटांचं काम, मोकळा हसरा माणूस. महेंद्रला तेव्हा कळतं की हिने लग्न केलंय. सुधा निघताना महेंद्रच्या पाया पडते, मागच्या वेळी न विचारता गेले होते, या वेळी परवानगी दे, आणि बाहेर थांबलेला नवरा आत येऊन बघतो तेव्हा हा कोण हे त्याला न सांगताच समजतं. तो काहीही बोलत नाही.