मुद्दाम चुकवलेला नेम

नवी मुंबईवरून छोट्या विमानाने जाताना वाट चुकायची तर अंगी कसबच हवं. एका अंगाला ठाण्याची खाडी, तिच्यावरचे वाशीचे पूल, काठाकाठाने जाणारा पाम बीच रोड. दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, आणि आता उलव्याजवळ नव्या विमानतळाची ३,७०० मीटरची धावपट्टी. खाली रस्ता दिसायला हवा होता आणि खाडी दिसतेय, म्हणजे पूर्वेचा वारा आपल्याला ढकलतोय, हे वैमानिकाला लगेच कळतं. अलिबागचा किनारा मागे पडला की ही सोय संपते.

होकायंत्र विमानाचं नाक कुठे आहे तेवढंच सांगतं. वेगाचा काटा हवेच्या तुलनेतला वेग दाखवतो. पण ती हवाच विमानासकट सरकत असते आणि त्याची नोंद या दोन्ही यंत्रांत कुठेच नसते. कोची ते लक्षद्वीपमधलं अगत्ती हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर. ताशी २०० किलोमीटर वेगाचं विमान नाक नेमकं अगत्तीकडे ठेवून निघालं आणि आडवा वारा ताशी ३० चा असला, तर सव्वादोन तासांनंतर ते बेटापासून जवळजवळ ७० किलोमीटर बाजूला असेल. बेटाची लांबी जेमतेम सहा किलोमीटर! लाटांच्या पांढऱ्या फेसावरून वाऱ्याचा अंदाज घेऊन नाक थोडं वाऱ्याकडे वळवता येतं, पण तो अंदाजच. दिशेत एका अंशाची चूक राहिली तरी एवढ्या अंतरावर आठ किलोमीटरचा फरक पडतो.

यावर १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी जी युक्ती वापरली, ती मला विमानांच्या इतिहासातल्या मोठमोठ्या इंजिनांपेक्षा जास्त आवडते. (पुढे १९६६-६७ मध्ये एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेच हे.) जिप्सी मॉथ या उघड्या कॉकपिटच्या विमानातून ते न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला निघाले होते, एकटेच. वाटेत इंधनासाठी नॉरफोक बेट गाठायचं होतं. ते आठेक किलोमीटर लांबीचं, आणि भोवती सगळा समुद्र. चिचेस्टर यांनी बेटावर नेम धरलाच नाही. ते मुद्दाम बेटाच्या एका बाजूला निघाले.

समजा, धो धो पावसात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि नेरूळ स्टेशनवरून पाम बीच रोडवरची एक इमारत गाठायची आहे. सरळ तिच्याच रोखाने चालत गेलात, रस्ता लागला, पण इमारत दिसत नाही. आता डावीकडे वळायचं की उजवीकडे? त्यापेक्षा सुरुवातीपासूनच बरंच वाशीच्या अंगाने चालावं. रस्ता लागला की डोळे मिटून बेलापूरकडे वळायचं.

चिचेस्टर यांचा ‘रस्ता’ सूर्याने आखला होता. सेक्स्टंटने सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की एवढं कळतं, की त्या क्षणी सूर्य तेवढ्याच उंचीवर दिसणाऱ्या असंख्य ठिकाणांपैकी एकावर आपण आहोत. ही सगळी ठिकाणं पृथ्वीवर एका प्रचंड वर्तुळावर येतात. वर्तुळ इतकं मोठं, की त्याचा लहानसा तुकडा सरळ रेषाच वाटावा, सूर्याच्या दिशेला काटकोनात असलेली. त्या रेषेवर आपण नेमके कुठे, हे मात्र एका मोजणीतून कळत नाही. बेटावरून जाणारी रेषा गाठेपर्यंत उडायचं आणि मग तिच्यावरून ठरलेल्या बाजूला वळायचं. विमान हाकता हाकता, वाऱ्यात सेक्स्टंट धरून आणि आकडेमोड करत त्यांनी हे केलं. बेट सापडलं.

जीपीएसने हा प्रश्न सोडवला. २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडापर्यंत अटलांटिक एकट्याने पार केला, तो हलक्या स्पोर्ट विमानातून. पण वाऱ्याचा हिशेब जीपीएस असला तरी टळत नाही.

पुन्हा कोची-अगत्ती घेऊ. इंजिन कुरकुरायला लागलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं? अर्धी वाट हे उत्तर वारा पडलेला असेल तरच बरोबर. ताशी ४० चा वारा पाठीशी असेल, तर पुढे जाताना वेग २४० आणि परतताना १६०. मग समान वेळेचा बिंदू, म्हणजे जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो ती जागा, कोचीपासून अवघ्या १८४ किलोमीटरवर येतो. २०० किलोमीटरवर कोची जवळ, तरी अगत्ती लवकर येतं. वारा समोरून असेल तर तोच बिंदू २७६ वर. निघण्याआधी तो काढून ठेवायचा, कारण घाबरलेलं डोकं जवळच्या जमिनीकडेच वळतं.

कुरकुरीचंही एक गंमतशीर कारण असतं. किनारा दिसेनासा झाला की धडधाकट इंजिनही वैमानिकाला बिघडल्यासारखं ऐकू येतं, ही त्यांच्यातली जुनी थट्टा. पण कधीकधी खरंच बर्फ धरलेला असतो, आणि तोही २५ अंश तापमानात. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते, आणि आतलं तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त घसरतं. समुद्रावरच्या दमट हवेतलं बाष्प तिथेच गोठतं. उपाय म्हणजे ‘कार्ब हीट’ची खुंटी ओढून गरम हवा आत सोडणं. गंमत अशी, की खुंटी ओढली की वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि ते आणखीच खोकायला लागतं. नवशिका घाबरून खुंटी परत आत ढकलतो. ती तशीच ओढून धरायची असते, खोकला थांबेपर्यंत.