ऑफिसच्या सर्व्हरवर होम फोल्डर पाहिजे? अर्ज कसा करायचा

आमच्या इंदूरच्या ऑफिसात नवीन कोणी जॉइन झालं की तिसऱ्या दिवशी विचारतंच, "माझा एच ड्राइव्ह कुठंय हो?" एच ड्राइव्ह म्हणजेच होम फोल्डर, सर्व्हरवरची तुमच्या फाइलींची स्वतःची जागा. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ज्याचं डोमेन अकाउंट (ऑफिसच्या नेटवर्कवरचं लॉगिन खातं) आहे त्यालाच फोल्डर मिळतो, परमनंट असो की कॉन्ट्रॅक्टवाला. कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या अकाउंटला आम्ही शेवटची तारीख घालतो, ती उलटली की लॉगिन बंद, पण फाइली आपोआप उडत नाहीत, घाबरू नका.

कागद थोडेच. फॉर्म, जॉइनिंग लेटरची कॉपी, आयडी कार्डाची झेरॉक्स आणि विभागप्रमुखांची सही. अडतं ते सहीपाशी, साहेब टूरवर निघायच्या आत ती घेऊन ठेवा, पोहे-जलेबी नंतर. नाव जॉइनिंग लेटरवर आहे तसंच लिहा, कारण त्यावरनंच युजरनेम बनतं आणि फोल्डरला तेच नाव पडतं, पुढे लग्नानंतर आडनाव बदललं तर लॉगिन बदलतं पण फोल्डरचं नाव आपोआप बदलत नाही, ते हातानं करावं लागतं.

फॉर्मवर दोन चौकोन आहेत, होम फोल्डर आणि रोमिंग प्रोफाइल, आणि सगळे दोन्हीवर टिक करतात! अहो, होम फोल्डरच्या फाइली सर्व्हरवरच राहतात, तिथूनच उघडतात. रोमिंग प्रोफाइल म्हणजे तुमचा डेस्कटॉप आणि सेटिंग लॉगिन करताना मशीनवर उतरणार आणि लॉगऑफ करताना परत सर्व्हरवर चढणार, त्यात डेस्कटॉपवर भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ असले तर लॉगिन होईस्तोवर चहा गार. रोज वेगळ्या काउंटरवर बसणाऱ्यांनीच ते मागावं. एकाच वेळी दोन मशीनवर लॉगिन ठेवू नका, एकच सेटिंग दोन्हीकडे बदललं तर जे मशीन शेवटी लॉगऑफ होतं त्याचंच टिकतं. विंडोज ७ वरची सेटिंग विंडोज १० वर येणार नाहीत, दोघांचे प्रोफाइल फोल्डर वेगळे बनतात, एकाच्या शेवटी व्ही२, दुसऱ्याच्या व्ही६.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी एवढंच, शेअरच्या (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरच्या) नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की तो नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, पण ते काही कुलूप नव्हे, खरं कुलूप एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) परमिशनचं. प्रोफाइलच्या शेअरवर ऑफलाइन कॅशिंग, म्हणजे फाइलींची प्रत मशीनवर साठवणं, बंदच ठेवा.

मंजुरी आली की एकदा लॉगऑफ करून परत लॉगिन करा, नुसतं स्क्रीन लॉक करून उघडलं तर एच ड्राइव्ह दिसणार नाही, आणि मग फोन मलाच येतो.