पायाभूत यंत्रणांच्या सायबर चाचण्या : टेस्टबेडची पार्श्वभूमी

चालू वीज उपकेंद्रावर किंवा जलशुद्धीकरण केंद्रावर हल्ल्याची तालीम घेता येत नाही, या एका अडचणीतून टेस्टबेडचा, म्हणजे खऱ्या यंत्रणेसारखी मांडणी वेगळी उभारून तिच्यावर चाचण्या घेण्याचा मार्ग निघाला. कार्यालयातील नेटवर्कवर जी पाहणी निरुपद्रवी ठरते, ती नियंत्रण यंत्रणेवर केली तर काय होते, याचे काही बोलके दाखले २००५ च्या सुमारास नोंदले गेले आहेत. नेटवर्कवर कोणकोणती उपकरणे आहेत हे पाहण्यासाठी पाठवलेल्या साध्या पिंगमुळे (उपकरणाने उत्तर द्यावे म्हणून पाठवलेल्या छोट्या संदेशामुळे) नऊ फुटी यांत्रिक हात अचानक अर्धवर्तुळात फिरला. अशाच पाहणीने एका चिप-कारखान्यातील सुमारे ५०,००० डॉलर किमतीचे वेफर (चिप बनवण्याच्या चकत्या) वाया घालवले. आणि एका गॅस कंपनीची नियंत्रण यंत्रणा सुरक्षा तपासणाऱ्यांच्याच हातून अडकून पडल्यामुळे चार तास वाहिनीतून गॅस पाठवता आला नाही.

त्याआधी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २००० साली एका माणसाने रेडिओद्वारे पंपांना खोट्या आज्ञा देऊन सांडपाणी उघड्यावर सोडले होते. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ या वर्मने (नेटवर्कवर आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) ओहायोतील एका अणुवीज केंद्रातील सुरक्षा-मापांचा दर्शक सुमारे पाच तास बंद पाडला. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरील टेस्टबेड उभी राहिली आणि तिचा मुख्य भार आयडाहोतील प्रयोगशाळेने उचलला. या प्रयोगशाळेकडे स्वतःचे वीजपारेषण जाळे असल्यामुळे खऱ्या तारा, खरी उपकेंद्रे आणि खरी उपकरणे हाताशी होती. उत्पादक आपापल्या यंत्रणा गोपनीयतेच्या करारांखाली तेथे आणत आणि निष्कर्ष बाहेर आलेच, तर ते नावे गाळून येत. ही अट नसती तर एकही उत्पादक फिरकला नसता, हे खरे. मात्र आपल्या उपकेंद्रात नेमके तेच उपकरण बसवले आहे का, हे त्या अहवालांवरून वीज कंपनीला कळत नसे.

या साऱ्या इतिहासात सर्वाधिक वाद झाला तो मार्च २००७ मधील ‘ऑरोरा’ चाचणीवर. जनित्र ग्रीडला, म्हणजे वीजजाळ्याला, जोडलेले असते तेव्हा दोघांची फेज, म्हणजे विजेच्या लहरींची लय, जुळलेली असावी लागते. चाचणीत रिलेमार्फत (बिघाड दिसताच आज्ञा देणाऱ्या संरक्षक उपकरणामार्फत) ब्रेकर, म्हणजे जोडणी तोडणारा स्विच, उघडण्यात आला, भार सुटताच जनित्र क्षणभर पुढे धावले, आणि फेजमध्ये अंतर पडलेले असतानाच ब्रेकर पुन्हा जोडण्यात आला. अशा काही धक्क्यांत २.२५ मेगावॅटचे, सुमारे २७ टनांचे डिझेल जनित्र थरथरून धुराने भरले आणि कायमचे निकामी झाले. यंत्राच्या रक्षणासाठी बसवलेला रिलेच येथे हल्ल्याचे साधन ठरला होता. सप्टेंबर २००७ मध्ये चाचणीची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि वादाला तोंड फुटले.

प्रत्यक्ष वीजकेंद्रात फेज तपासणारे संरक्षण असते, इतर अडसर असतात आणि देखरेखीला माणसेही असतात. मग ही मांडणी मुद्दाम सोयीची करून घेतली होती, असा वीजक्षेत्रातील अनेकांचा आक्षेप होता. क्षणिक चढउतारांनी संरक्षण विनाकारण सुरू होऊ नये म्हणून त्याला थोडा विलंब दिलेला असतो आणि हल्ला नेमका त्याच फटीत बसतो, असे समर्थकांचे उत्तर होते. या उत्तरात तथ्य जास्त आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण ती फट उपकरणातील चुकीमुळे पडलेली नव्हती, रचनेतच होती. तरीही एका जनित्रावरचा निष्कर्ष संपूर्ण ग्रीडला किती लागू पडतो, हा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि बराचसा तपशील गोपनीय राहिल्यामुळे बाहेरच्यांना तो पडताळताही आला नाही. पुढे २०१४ मध्ये या चाचणीसंबंधीची आठशेहून अधिक पाने खुली झाली, तीही चुकून : माहिती मागितली गेली होती ती ‘ऑरोरा’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०१० मध्ये उघडकीस आलेल्या हेरगिरी मोहिमेची.

२०१० मध्ये इराणमधील युरेनियम-समृद्धीची सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवणारा ‘स्टक्सनेट’ हा वर्म सापडल्यानंतर केवळ संगणकीय आज्ञांनी यंत्र मोडता येते का, हा वाद मागे पडला. त्या हल्ल्याची रंगीत तालीमही सेंट्रिफ्यूजच्या एका टेस्टबेडवर झाली असावी, असे वृत्त २०११ मध्ये आले होते. डिसेंबर २०१५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे युक्रेनमधील सुमारे सव्वादोन लाख वीजग्राहक काही तास अंधारात गेले. वर्षभरानंतर कीव्हजवळच्या एका उपकेंद्रावर पुन्हा हल्ला झाला.

याच काळात टेस्टबेडचे काम बदलत गेले. विद्यापीठांना पारेषण जाळे परवडणारे नव्हते. त्यांनी खरा पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक संगणक) आणि त्याला जोडलेले संगणकातील वीजजाळे, असा मधला मार्ग स्वीकारला. २०१५ मधील एका सर्वेक्षणात संशोधनासाठी मांडलेल्या अशा ३० टेस्टबेड मोजल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी यथार्थतेचा दावा होता, पण ती कशी पडताळली याचे वर्णन अनेकदा त्रोटकच होते.

सिंगापूरमधील जलशुद्धीकरणाच्या टेस्टबेडने मात्र वेगळीच दिशा दिली. तेथे सहा टप्प्यांतून खरोखरच पाणी वाहते. या टेस्टबेडने ११ दिवसांची सलग नोंद संशोधकांना दिली. त्यांतील सात दिवस सुरळीत कामकाजाचे आणि चार दिवस ३६ हल्ल्यांचे होते, आणि नोंदी ५१ संवेदक (मापे घेणाऱ्या) व चालक (पंप-झडपांसारख्या) उपकरणांच्या होत्या. त्यानंतर अनेकांनी टेस्टबेडला हात न लावता केवळ या नोंदींवर आपली हल्लाशोधक पद्धत तपासली. त्यासाठी रूढ झालेल्या एका गुणांकन-रीतीत हल्ल्याच्या संपूर्ण कालखंडातील एक क्षण जरी ओळखला, तरी तो सारा कालखंड ओळखल्याचे श्रेय मिळे. या रीतीने मोजले तर अंदाजपंचे दिलेली उत्तरेही नावाजलेल्या पद्धतींच्या पुढे जातात, हे २०२२ मध्ये दाखवून देण्यात आले.