इलेक्ट्रिक कारची पुढची काच बदलताना: विमा दावा, कागदपत्रे आणि काचेवरचे स्टिकर

घोडबंदर रस्त्यावर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी असो वा पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात कोसळलेली फांदी, पुढची काच तडकली की तिचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी पॉलिसीमध्ये स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण, म्हणजे ‘ओन डॅमेज’, असावे लागते. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या वाहनधारकास हा दावा करता येत नाही.

काचेच्या भागांवर घसारा आकारला जात नाही, त्यामुळे ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकलम, नसले तरी काचेची किंमत मंजूर होते. मात्र पॉलिसीत नमूद केलेली अनिवार्य वजावट वाहनधारकालाच भरावी लागते. काचेभोवतीच्या रबर व प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, झिरो डेप नसल्यास, ५० टक्के घसारा लागतो. दावा करण्यापूर्वी नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब अवश्य करावा. समजा, ओन डॅमेजचा हप्ता २०,००० रुपये असून त्यावर ५० टक्के बोनस मिळत आहे, तर एका दाव्याने पुढील वर्षीची १०,००० रुपयांची सवलत जाते आणि त्यानंतर बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढत जातो. बोनस संरक्षणाचे जोडकलम घेतले नसेल, तर स्वस्त काच स्वखर्चाने बदलणेच पुष्कळदा परवडते.

इलेक्ट्रिक गाड्यांची काच मात्र सहसा स्वस्त नसते. अनेक मॉडेलमध्ये आरशामागे ‘अ‍ॅडास’ या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा असतो आणि नवी काच बसवल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, करावे लागते. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा, अन्यथा नंतर त्यावरून वाद होतो.

काच काढण्यापूर्वीच विमा कंपनीला कळवून छायाचित्रे काढावीत, कारण पाहणी न होता केलेल्या दुरुस्तीचा दावा अडकू शकतो. ५०,००० रुपयांपेक्षा मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअर करतो. नोंदणी प्रमाणपत्र, घटनेच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचा परवाना, पॉलिसी, भरलेला दावा अर्ज आणि वर्कशॉपचे अंदाजपत्रक ही कागदपत्रे लागतात. कॅशलेस सोय नसल्यास मूळ बिल, पैसे भरल्याची पावती आणि रद्द केलेला धनादेशही द्यावा. काच कुणी मुद्दाम फोडली असल्यास पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत जोडावी.

जुन्या काचेबरोबर फास्टॅग आणि रंगीत होलोग्राम असलेले तिसरे नोंदणी स्टिकर (दोन नंबर प्लेटांखेरीज काचेवर लावलेली नोंदणीची खूण) हे दोन्ही जातात, हे बहुतेकांना गाडी ताब्यात घेतल्यावरच आठवते. फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडे काच बदलल्याचे कारण देऊन बदली टॅग मागावा. हातात धरून दाखवलेले टॅग काळ्या यादीत टाकण्याचे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे जुना टॅग सोलून पुढे वापरण्याचा विचार सोडून द्यावा. अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला ऑगस्ट २०२५ पासून पथकर माफी असली, तरी इतर पथकर नाक्यांसाठी टॅग लागतोच. तिसऱ्या स्टिकरसाठी वाहन विक्रेत्याकडे मागणी करावी.

दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर आपल्या भागासाठी नेमलेल्या विमा लोकपाल कार्यालयात एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार दाखल करता येते.