वाहनावरील जुने स्टिकर काढणे

वाहनाच्या रंगावर चिकटवलेली नावे, पट्टे, नक्षी किंवा विक्रेत्याची जाहिरात रंगाला धक्का न लावता उतरवण्याचे काम. जुनी गाडी विकत घेतली, टॅक्सी खाजगी वापरात आली किंवा ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ उन्हाने अर्धामुर्धा उरला, की ही गरज पडते. मालवाहू गाड्यांवरच्या परावर्तक पट्ट्या (पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे लाल) नियमाने बंधनकारक असतात. त्या काढल्यास नव्या लावाव्या लागतात.

रेडियमच्या दुकानात मिळणारे बहुतेक स्टिकर पीव्हीसीच्या पातळ पापुद्र्याचे असतात आणि मागे दाबाने चिकटणारा, सहसा ॲक्रिलिक जातीचा गोंद असतो. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचीक ठेवण्यासाठी मिसळलेले मृदुकारी द्रव्य ऊन आणि उष्णतेमुळे हळूहळू निघून जाते. मग पापुद्रा आक्रसतो, त्याला तडे जातात. नवे स्टिकर अखंड सोलून निघते, जुन्याचे नखाएवढे तुकडे पडतात ते यामुळेच. गोंद मात्र तोवर रंगाला आणखी घट्ट धरून बसलेला असतो.

सुरुवात उष्णतेने करावी. हेअर ड्रायरने किंवा बऱ्याच अंतरावर धरलेल्या हीट गनने भाग हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवतात, प्लास्टिकच्या कार्डाने कोपरा उचलतात आणि पट्टी मागे दुमडून सावकाश ओढतात. झटका दिला की पापुद्रा फाटतो. फार तापवले तरी तो मऊ पडून तुटतोच. पत्र्यावर ब्लेड चालवू नये. अगदीच ठिसूळ झालेल्या पट्ट्यांसाठी ड्रिलला लावायचे रबरी चाक वापरतात. ते कमी वेगाने आणि सतत फिरते ठेवावे लागते, कारण एकाच जागी टेकवल्यास घर्षणाने रंग जळतो.

उरलेल्या चिकट्यासाठी रॉकेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तयार स्टिकर रिमूव्हर चालतो. घासण्यापेक्षा भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवून गोंद मऊ होऊ देणे बरे. रॉकेलचा तेलकट थर नंतर साबणपाण्याने धुवावा लागतो.

कोणता द्रव वापरला याचीच चर्चा फार होते. खरा फरक पडतो तो खालच्या रंगामुळे. कारखान्यात पत्र्यावरचा रंग साधारण १४० अंश सेल्सियसला भाजून पक्का करतात; तो पुष्कळ सोसतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये मारलेला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग थिनरने सरळ विरघळतो, आणि आधीची तयारी नीट झाली नसेल तर स्टिकरबरोबर त्याचे पापुद्रेही निघतात. म्हणून द्रव आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून पाहावा. मात्र तो भाग पुन्हा रंगवलेला नसेल, तर या चाचणीतून खरे कळत नाही. बंपर आणि दुचाकीच्या प्लास्टिक भागांवर थिनर व पेट्रोल टाळावे.

अनेक दुचाकींच्या टाकीवरील कंपनीची नक्षी लॅकरच्या (पारदर्शक रोगणाच्या) थराखाली असते. कडेवरून नख फिरवून पाहावे. कड जाणवली नाही तर ती सोलून निघणार नाही आणि टाकी घासून पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही. अशी टाकी गरम करत बसणे म्हणजे लॅकर बिघडवणेच.

सर्व नीट पार पडले तरी अक्षरांचा आकार बरेचदा रंगात दिसत राहतो. झाकलेल्या भागावर अतिनील किरण पोहोचलेले नसतात. भोवतालचा रंग उडालेला आणि खालचा जवळपास मूळचा, असा तो फरक असतो. लाल रंगाच्या गाड्यांवर तो विशेष उठून दिसतो. रबिंग कंपाउंडने (रंग घासून चकचकीत करणाऱ्या लेपाने) वरचा मळकट, ऑक्सिडीकरण झालेला थर गेला की फरक कमी होतो, पण रंगद्रव्यच फिकट झाले असेल तर पॉलिश मारून ते परत येत नाही. शिवाय रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉन जाडीचा असल्याने घासण्यालाही मर्यादा असते. म्हणून पुष्कळ जण शेवटी त्याच जागी जरा मोठे नवे स्टिकर लावून घेतात.