माशातला पारा: ०.५ चा १ कसा झाला

समुद्री जिवांमधल्या जड धातूंचा विषय निघाला की बोलणं मिनामातापासून सुरू होतं. जपानमधल्या त्या खाडीत कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून लोकांच्या पोटात गेला आणि मज्जासंस्थेचा रोग पसरला. हे बहुतेकांनी वाचलेलं असतं, त्यामुळे तपशील इथे पुन्हा सांगत नाही. तीन तारखा मात्र ध्यानात असू द्याव्यात. १९५६ साली रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली, १९५९ मध्ये विद्यापीठातल्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं आणि सरकारने कारखान्याच्या सांडपाण्याला जबाबदार धरलं ते थेट सप्टेंबर १९६८ मध्ये. दरम्यान १९६५ मध्ये निइगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी, तोच रोग दुसऱ्यांदा दिसला. जगभर माशांसाठी पुढे जे आकडे ठरले, त्यांच्या हिशेबाला या दुसऱ्या प्रकरणातल्या रुग्णांच्या रक्ताची आणि केसांची मोजमापं उपयोगी पडली.

तोवर उत्तर युरोपात वेगळाच धागा हाती लागला होता. स्वीडनमध्ये बियाण्याला चोळलेल्या पारायुक्त बुरशीनाशकाने पक्षी मरत होते. मग तळ्यांमधले आणि किनाऱ्याजवळचे मासेही तपासले गेले. १९६६ च्या सुमारास स्पष्ट झालं की माशाच्या मांसातला पारा जवळजवळ सगळा मिथाइल मर्क्युरी या सेंद्रिय रूपात असतो, मग पाण्यात सोडलेला पारा कुठल्याही प्रकारचा असो. १९६९ मध्ये त्याचं कारणही कळलं: तळाच्या गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचं हे रूपांतर करतात. तोपर्यंत क्लोरीन-कॉस्टिक सोड्याचे आणि कागदाच्या लगद्याचे कारखाने ‘आमचा पारा धातुरूप आहे, तळाशी जाऊन बसतो’ असं सांगू शकत होते. ही सबब त्या वर्षी संपली. ती ज्या जिवाणूंनी संपवली, त्यांच्या अंगी हे काम करणारी दोन जनुकं सापडायला मात्र २०१३ उजाडलं.

स्वीडनने १९६७ मध्ये माशासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे १ पीपीएम, अशी मर्यादा घातली. अमेरिकेच्या अन्न नियामकाने १९६९ मध्ये ०.५ पीपीएम ठरवली. आजही होणारा निम्मा वाद या ०.५ मध्ये आहे.

त्यामागचा हिशेब उघड होता. निइगाताच्या रुग्णांवरून असं धरलं गेलं की रक्तात मिलिलीटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम पारा झाला की प्रौढ माणसात लक्षणं दिसू लागतात. त्याला सुरक्षिततेसाठी १० ने भागलं, २० उरले. रक्तातली पातळी २० च्या आत ठेवायची, तर ७० किलो वजनाच्या माणसाच्या पोटात रोज सरासरी ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मिथाइल मर्क्युरी जाता कामा नये. मासा ०.५ पीपीएमचा असेल तर ३० मायक्रोग्रॅम भरायला ६० ग्रॅम मांस लागतं. १ पीपीएमचा असेल तर ३०. पुढचं सगळं भांडण ‘माणूस रोज किती मासा खातो’ या एका जागी येऊन थांबलं.

१९७० च्या अखेरीस डबाबंद कुपा (ट्यूना) मासा तपासला गेला आणि बऱ्याच डब्यांत ०.५ पेक्षा जास्त पारा निघाला. डबे बाजारातून परत घेतले गेले. तलवार माशाचं प्रकरण त्याहून वाईट होतं. तपासलेल्या नमुन्यांपैकी बहुतेक मर्यादेबाहेर, आणि १९७१ मध्ये हा मासा खाऊच नका असा जाहीर सल्ला. बोटी उभ्या राहिल्या, धंदा बसला.

मग आला संग्रहालयांतला मासा. १९७२ मध्ये संशोधकांनी साठ ते नव्वद वर्षांपूर्वी पकडून जतन केलेल्या सात कुपा माशांचे आणि पंचवीस वर्षं जुन्या एका तलवार माशाचे नमुने तपासले. पाऱ्याचं प्रमाण ताज्या माशांइतकंच निघालं. मच्छीमार व्यावसायिकांच्या हाती याहून चांगलं काय पडणार होतं? खोल समुद्रातल्या माशात पारा पूर्वीपासूनच आहे, कारखान्यांचा संबंध नाही, मग मर्यादा कशाला, असा युक्तिवाद तयार झाला. नमुने मोजून आठ, आणि इतकी वर्षं ठेवणीच्या द्रवात राहिलेले. तरीही हा पुरावा पुढे अनेक वर्षं वापरला गेला. मला त्यात एक साधी गफलत दिसते: पारा निसर्गातून आला म्हणून तो पोटात गेल्यावर कमी विषारी होत नाही. मर्यादा खाणाऱ्यासाठी होती, गुन्हेगार शोधण्यासाठी नव्हती.

१९७७-७८ मध्ये प्रकरण फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयात गेलं. ०.५ पेक्षा जास्त पारा असलेला तलवार मासा विकू देऊ नये, ही नियामकाची मागणी होती. न्यायालयात मासे खाण्याच्या सवयींची नवी पाहणी मांडली गेली. तिच्यानुसार बहुतांश लोक पूर्वी धरलं होतं त्याहून कमी मासा खात होते. म्हणजे दिवसाला ३० मायक्रोग्रॅमची कमाल तशीच ठेवून मर्यादा दुप्पट करता येत होती. न्यायालयाने १ पीपीएम पुरेशी मानली आणि १९७९ मध्ये नियामकाने तोच आकडा अंगीकारला.

मासा बदलला नव्हता, पाऱ्याची विषारीपणाची मोजणीही बदलली नव्हती. बदलली ती फक्त थाळीवरच्या माशाची सरासरी. सरासरीने सरासरी खाणाऱ्याचं रक्षण होतं. जो आठवड्यातून चारदा मोठा शिकारी मासा खातो, किंवा ज्या किनारी कुटुंबाचं जेवणच माशावर चालतं, तो माणूस या हिशेबाच्या बाहेर राहतो. तेव्हा आक्षेप घेणारे होते, पण थोडे.

१९८४ मध्ये आणखी एक गाठ पडली. मर्यादा ‘एकूण पारा’ऐवजी ‘मिथाइल मर्क्युरी’ची झाली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण प्रयोगशाळेत काय होतं ते बघा. एकूण पारा मोजायचा तर मांसाचा तुकडा आम्लात विरघळवतात, त्यात स्टॅनस क्लोराइड घालून पारा वाफेच्या रूपात सोडवतात आणि २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश ती वाफ किती शोषते ते वाचतात. काम स्वस्त आहे, एका दिवसात ढीगभर नमुने होतात. मिथाइल मर्क्युरी वेगळी काढून मोजायला निराळी, वेळखाऊ पद्धत लागते. त्यामुळे तपासणी एकूण पाऱ्याची आणि नियम मिथाइलचा, अशी दुहेरी व्यवस्था रुजली. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे बहुतेक जण इथेच फसतात.

जपानने १९७३ मध्ये दोन्ही आकडे लिहून टाकले: एकूण पारा ०.४, मिथाइल मर्क्युरी ०.३ पीपीएम. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक. पण कुपा आणि तलवार मासा, खोल समुद्रातले मासे आणि नदीतले मासे यांना त्यातून वगळलं. ज्यांच्यात पारा सर्वांत जास्त साठतो, त्यांतले बरेचसे मासे याच यादीत आहेत.

दरम्यान गर्भाचा प्रश्न पुढे आला. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात मिथाइल मर्क्युरी चोळलेलं पेरणीचं धान्य लोकांनी दळून रोट्या केल्या. ६,५३० रुग्ण इस्पितळांत दाखल झाले, ४५९ दगावले. आईला फारशी लक्षणं नसताना मूल बाधित जन्मतं, हे तिथल्या अभ्यासाने ठळक केलं. नंतर १९८० च्या दशकात दोन बेटसमूहांवर हजारेक मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. फेरो बेटांवर, जिथे पायलट व्हेलचं मांस खातात, मुलं सात वर्षांची झाल्यावर स्मरण, लक्ष आणि भाषा यांत सूक्ष्म उणीव आढळली. निष्कर्ष १९९७ मध्ये आले. सेशेल्समध्ये आया भरपूर समुद्री मासे खात होत्या, पण तिथे तसं काही ठळक दिसलं नाही. कुठला अभ्यास पायाभूत मानायचा यावर मोठी चकमक झाली. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने फेरोच्या बाजूने कौल दिला. पर्यावरण नियामकाने सुरक्षित मानलेली मात्रा त्यावर टिकली: शरीराच्या किलोमागे रोज ०.१ मायक्रोग्रॅम.

आता पुन्हा तोच हिशेब करा. ६० किलो वजनाच्या बाईला आठवड्याचे ४२ मायक्रोग्रॅम. मासा १ पीपीएमचा असेल तर आठवड्याला ४२ ग्रॅम, धड एक तुकडाही नाही. तरी बाजारातली मर्यादा १ पीपीएमच राहिली. २००१ मध्ये गर्भवतींना मोरी (शार्क), तलवार मासा आणि आणखी दोन मोठे मासे टाळायला सांगण्यात आलं, २००४ मध्ये सल्ला आणखी तपशिलात गेला. विक्रेत्यावरचा बोजा उचलून गर्भवतीच्या खांद्यावर ठेवण्याचा हा व्यवहार मला आजही खटकतो.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचे आकडे तर सरळ माशाच्याच मागे गेले. १९९० च्या दशकात साध्या माशांना ०.५ आणि शिकारी माशांना १ अशी मार्गदर्शक पातळी होती. २०१८ मध्ये कुप्यासाठी १.२, मार्लिनसाठी १.७ आणि मोरीसाठी १.६ ठरली. तत्त्व असं की पकडलेल्या माशांपैकी फार मोठा वाटा नाकारला जाऊ नये. युरोपने २०२२ मध्ये माकूल आणि बांगड्यासारख्या काही जातींसाठी मर्यादा ०.३ वर आणली. त्यांच्यात मुळात पारा कमीच असतो. मोरी आणि तलवार मासा १ वरच राहिले.

इतर धातूंना असला वाद फारसा लाभला नाही. तांब्याने हिरवी पडलेली कालवं इंग्लंडच्या फाल खाडीत १९ व्या शतकातच ठाऊक होती. कॅडमियम खेकड्याच्या आणि माकुळाच्या यकृतासारख्या भागात साठतं, मांसात कमी, त्यामुळे तिथे नियमापेक्षा काय खायचं आणि काय काढून टाकायचं हेच महत्त्वाचं. कथिलाची गोष्ट मात्र पाऱ्याला लाजवणारी आहे. बोटींच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगामुळे फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीत १९७० च्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लं जगेनात आणि शिंपा जाड, वेड्यावाकड्या होऊ लागल्या. १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्या रंगाला बंदी आली. थाळीतल्या आकड्यावर घोळ न घालता उगमच बंद केला. सगळ्या जहाजांसाठीचा करार २००१ मध्ये झाला, २००८ मध्ये अमलात आला.

पाऱ्याचं त्याआधीचं पाहायचं तर १६ व्या शतकापर्यंत जावं लागतं. स्पॅनिश अमेरिकेत चांदी काढायला पारा वापरायची रीत तेव्हापासूनची, आणि स्पेनमधल्या अल्मादेनच्या खाणीतला पारा समुद्रापार जात होता. तेव्हा हवेत गेलेल्या पाऱ्याचा काही भाग आजही समुद्रात फिरतो आहे. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत समुद्राच्या वरच्या १०० मीटर थरात पारा सुमारे तिप्पट झाल्याचा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला.

मिनामाताचं नाव दिलेला जागतिक करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. हवेत पारा सोडणाऱ्यांत सर्वांत वर आता कारखाने नाहीत, लहान प्रमाणावर चालणाऱ्या सोन्याच्या खाणी आहेत. मासे अजून एका सुरात बोलत नाहीत. वायव्य अटलांटिकमधल्या ब्लूफिन कुप्यात २००४ ते २०१२ दरम्यान पारा १९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. उलट १९७१ ते २०२२ या काळातले उष्ण कटिबंधातले कुपा मासे एकत्र तपासले तेव्हा बहुतेक भागांत पातळी जवळपास जैसे थे निघाली, कारण खोल पाण्यातला जुना पारा वर येत राहतो. उत्सर्जन आज कमी केलं तरी या माशांवर परिणाम दिसायला कित्येक दशकं जातील, असं त्या संशोधकांचं गणित आहे.