राणीच्या बागेत ही लांबलांबची झाडं आली कुठून

एप्रिल-मे मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत गेलं की गर्दी कुठे असते ते सांगायला नको, पेंग्विनच्या एसी हॉलबाहेर लाइन आणि वाघाच्या काचेला नाक लावून उभी पोरं. मान वर करून झाडं बघणारे मोजकेच, त्यातले निम्मे सावली शोधत असतात. पण ही जागा मुळात झाडांसाठी केलेली, प्राणी जवळपास तीस वर्षांनी आले.

त्याचं असं झालं की १८३०च्या दशकात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाच्या संस्थेची बाग शिवडीला होती. तेव्हा असल्या बागा हौसेसाठी नसायच्या, कुठलं पीक कुठल्या मातीत येतं, मसाल्याचं काय लावता येईल, साग वाढवता येईल का, असला सगळा हिशोब असायचा. कलकत्त्याची बाग १७८७ची, आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये झालेली, सगळीकडे हेच. रोपं आणि बिया एकमेकांना पाठवायच्या, कोणाकडे काय जगतंय ते बघायचं. पुढे शिवडीची जागा ख्रिश्चन दफनभूमीसाठी गेली आणि सोसायटीने भायखळ्याला साधारण ३३ एकरांवर नवी बाग उभी केली. नोव्हेंबर १८६२ मध्ये गव्हर्नरच्या बायकोच्या, म्हणजे लेडी फ्रियरच्या हस्ते उद्घाटन, नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून आपली राणीची बाग. शेजारच्या म्युझियमसाठी (आताचं भाऊ दाजी लाड) जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांनी खटपट करून वर्गणी जमवली. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईचा पैसा आटला, ते म्युझियम उघडायला १८७२ उजाडलं. पुढच्याच वर्षी बाग म्युनिसिपालटीकडे आली.

आता उर्वशीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण बागेतलं माझं सगळ्यात आवडतं झाड ते. ब्रह्मदेशात मार्तबानजवळ एका बौद्ध मठाच्या आवारात १८२६-२७च्या सुमाराला हे झाड इंग्रजांच्या नजरेस पडलं, तिथे याची फुलं बुद्धाच्या मूर्तीपुढे वाहिलेली असायची. कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख तेव्हा वॉलिक, माणूस डॅनिश पण नोकरी कंपनीची, त्याने नाव दिलं अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस, गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या आणि मुलीच्या नावावरून. साहेबाच्या घरच्यांना खूश ठेवायची ही रीत काय आजची नाही. मग इंग्लंडमधल्या श्रीमंतांना हे झाड आपल्याच काचघरात पाहिजे झालं. डेव्हनशरच्या ड्यूकने तर १८३५ मध्ये आपला गिब्सन नावाचा माळी खास यासाठी कलकत्त्याला पाठवला. रोपं नेली वॉर्डच्या पेटीतून. ही पेटी म्हणजे काचेची बंद खोकी, आतल्या ओल्या मातीची वाफ काचेवर जमते आणि थेंब होऊन परत मातीत पडते, त्यामुळे पाणी घालायला नको, खारा वारा आत येत नाही आणि जहाजाच्या डेकवर ठेवली की ऊन मिळतं, त्याआधी महिनोन्महिन्यांच्या प्रवासात बहुतेक रोपं मरूनच जायची. एवढं करून इंग्लंडमध्ये पहिलं फूल आलं ते १८४९ मध्ये आणि तेही ड्यूककडे नाही, ईलिंगच्या एका बाईंच्या काचघरात! पहिलं फूल त्यांनी राणीला पाठवलं म्हणे.

मेमध्ये गेलात तर उर्वशीचा बहर बहुतेक ओसरलेला असतो, पण नवी पालवी दिसली तर जवळ जाऊन बघा. तांबूस-जांभळट कोवळी पानं पिळून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत असतात, हिरवी होत गेली की ताठ होतात.

कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात, सकाळी लांबूनच वास येतो. फुलात मध्ये पिंड आणि वर नागाचा फणा दिसतो, त्यामुळे एवढ्या लांबून आलेलं झाड आपल्याकडे शंकराचं होऊन बसलं. गुलमोहर मादागास्करचा, मॉरिशसमार्गे आला. गोरखचिंच आफ्रिकेची, पण ती इंग्रजांच्याही आधीच अरबी व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली असं मानतात. आणि या सगळ्यांत आपले बहावा आणि ताम्हण ऐन उन्हाळ्यात फुलतात ते वेगळंच, त्यांना कोणी जहाजातून आणायला नको.

१८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालय झालं आणि तिथून पुढे लोकांच्या लेखी बाग मागे पडली. इतकी की २००७ मध्ये चारशे कोटींच्या वरचा नूतनीकरणाचा प्लॅन आला तेव्हा झाडांचं काय हा प्रश्न नागरिकांनाच विचारावा लागला. त्यात काही बायकांनी बागेत फिरून झाडंच मोजली, तीन हजारांवर झाडं आणि २८० हून जास्त जाती निघाल्या, मग हेरिटेज कमिटीपर्यंत भांडण गेलं आणि तो प्लॅन तसाच्या तसा काही झाला नाही. पेंग्विन मात्र २०१६ मध्ये आलेच.

जाणार असाल तर सकाळी गेट उघडताच जा, अकरानंतर ऊन सोसत नाही, आणि बुधवारी बाग बंद असते.